पाणी न पिता उठलेले पाहुणे

मंडळी, सकाळची गोष्ट अजून डोक्यातून जात नाही, म्हणून तुमच्यापुढे मांडतो.

मला मुलगी सांगून आली होती. मुलीचे वडील धनजहून कारंज्याला माझ्या मामांच्या घरी आले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी विचारले, "फौजेत काय करत होते तुमी?"

मी खरे तेच सांगितले. लष्करी इस्पितळात होतो, जखमा धुतल्या, रुग्णांची मलपात्रे उचलली. औषधांची नावे वाचता यावीत म्हणून सुटलेला अभ्यास तिथेच पुन्हा धरला. आता मॅट्रिक होऊन नागपूरला याच कामाचे कॉलेज करायचे आहे.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "दुसऱ्याची घाण काढणाऱ्याच्या हातचं पाणी? अन् त्याच्यासाठी वरून कॉलेज!"

ते उठले. पण अंगणात मला बाजूला घेऊन त्यांनी सदरा वर केला. पाठीवर पिकलेला फोड आणि त्यावर राख. "जरा पाहून द्या. कोणाले सांगू नका."

मी पाणी उकळले, हात धुतले, फोड साफ करून पट्टी बांधली. इस्पितळात रुग्णावर रागावायची मुभा नव्हती.

ते गेल्यावर मामा म्हणाले, "पुढच्या पाहुण्याले बंदूक चालवत होतो म्हण. अन् ते शिकणं सोड, नाही तर झालं मंग तुह्यं लगन!"

फौजेत इतका पू पाहिला, पण कधी किळस आली नाही. आज आली.

मी खोटे बोलणार नाही, अभ्यासही सोडणार नाही. पण ज्यांच्या घरी जेवतो, त्या मामांना हे कसे सांगू? तुम्ही काय सांगितले असते?