पडद्यामागची दोन हात जागा

"रेघ तेवढी झाडू नगंस गं, सुमन." वन्संचं माझ्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं. मी शाळेला निघायच्या गडबडीत चप्पल शोधत होते आणि त्या तळघराच्या जिन्यातून वर येता येता बोलत होत्या. मी "बरं" म्हटलं की नुसती मान हलवली, तेही आता आठवत नाही. दुपारी पाचवीच्या वर्गावर असताना त्यांच्या मेसमधल्या बाईंचा फोन आला. वन्संनी आमटी चाखली, मीठ बरोबर आहे म्हणाल्या, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि भिंतीला टेकून खाली बसल्या... त्या पुन्हा उठल्याच नाहीत. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी फोन ठेवला, वर्गात परत गेले आणि फळ्यावरचं अर्धं राहिलेलं गणित पूर्ण केलं. असं का केलं, ते मला विचारू नका. आता काही महिने उलटून गेले, तरी जिन्यात पाऊल वाजलं की त्याच आल्या असं वाटतं.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, हौसाबाई. नवरा ऐन तिशीत गेला, मूलबाळ नव्हतं. पुण्याजवळच्या आमच्या उरवड्यात कारखाने यायला लागले तेव्हा त्यांनी कामगारांसाठी मेस काढली आणि बघता बघता अख्ख्या पाळीला जेवू घालू लागल्या. पुढे रस्त्याच्या वरच्या अंगाला घर बांधलं. खाली त्या, वर आम्ही दोघं. मी आणि त्यांचा धाकटा भाऊ विलास, म्हणजे आमचे हे. जागा उताराची, म्हणून घराच्या पोटात आपोआपच एक लांबट तळघर निघालं. तिथे तांदळाची पोती ठेवायची असं आम्ही धरूनच चाललो होतो. दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात वन्संनी जेवता जेवता जाहीर केलं की खाली थेटर करायचं. मला ठसका लागला. ज्या बाईला टीव्हीवरची मालिका पुरी बघायला सवड नाही, तिला थिएटर! मी चेष्टा केली, तर म्हणाल्या, पुण्याच्या मास्तरणीनं गप भाकर खावी.

मग आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. पुण्याहून या कामातला एक तरुण आला. त्याने तळघर मापलं आणि कागदावर छान नकाशा काढून आणला. समोरच्या भिंतीला चिकटून पडदा, दोन्ही बाजूंना स्पीकर, गुबगुबीत सोफ्यांच्या दोन रांगा, मागची रांग ओट्यावर. वन्संनी कागद बघितला, घडी करून चोळीत खोचला आणि रांगोळीचा डबा आणला. सिमेंटच्या जमिनीवर बसून त्यांनी आपला नकाशा काढला. सोफे गेले, मेसमधली जुनी बाकं आली. सिनेमाचं मशीन कुठे, स्पीकर कुठे, जिन्यातून उशिरा येणाऱ्याचं डोकं कुणाच्या आड येणार नाही, सगळं त्यांनी आम्हाला पुन्हा पुन्हा उठवून-बसवून ठरवलं. रोज संध्याकाळी आम्ही दोघं कोऱ्या भिंतीकडे तोंड करून बाकावर बसायचो आणि त्या कमरेवर हात देऊन आम्हाला इकडे सरका, तिकडे सरका करायच्या. शेजारचे लोक दारातून डोकावून हसायचे. मला तेव्हा वैताग यायचा.

एवढं सगळं त्या तरुणाने मान्य केलं. अडलं ते एका रेघेवर. पडदा भिंतीला लावायचा नाही, भिंतीपासून चांगला दोन हात पुढे टांगायचा आणि तोही मांजरपाटाचा, असं वन्संचं म्हणणं. मागची जागा रिकामी ठेवायची. त्याने शांतपणे समजावलं की खोली आखूड होईल, पातळ कापडातून उजेड आरपार जाईल, चित्र फिकट पडेल. त्याचं काही चुकत नव्हतं. वन्संनी त्याला आणखी एक भाकरी वाढली, तुझं खरं हाय म्हणाल्या आणि रेघ होती तिथेच ठेवली.

त्यामागचं कारण त्यांनी मला एकटीला सांगितलं, लसूण सोलता सोलता. त्यांच्या लहानपणी गावच्या उरुसात शेतात कापड बांधून सिनेमा दाखवायचे. पुरुष पुढे बसायचे, बायका-पोरी कापडाच्या मागे. मागून सगळं उलटं दिसायचं, हिरो डाव्या हाताने जेवायचा, अक्षरं उलटी यायची, पण वाचता कुणाला येत होतं? लग्नानंतर नवऱ्याबरोबर पुण्याच्या थिएटरात गेल्या, तर सिनेमा उलटा दाखवतायत म्हणून वन्संनीच तक्रार केली. हे सांगताना त्या इतक्या हसल्या की लसणाचं ताट कलंडलं. मग त्यांनी ताट सरळ केलं.

"मी कापडाच्या कडंला बसायची," त्या म्हणाल्या. "तितनं पुढच्यांची तोंडं दिसायची, उजेड पडायचा न्हवं का त्यांच्यावर. एकदा बा रडताना दिसला. माझा बा, सुमन. ज्याच्या म्होरं आमी मोठ्यानं खोकत न्हवतो, तो. पुढं बसलं की नुसता शिनिमा दिसतो. कडंनं माणसं बी दिसत्यात."

वन्सं जाण्याआधीच्या रविवारी त्या तरुणाने चाचणीसाठी मशीन आणलं. रेघेवर दोरी बांधून कापड सोडलं, एक जुना रडका सिनेमा लावला. आम्ही दोघं बाकावर बसलो, वन्सं सतरंजीची घडी घेऊन कापडामागे गेल्या. मी डोळ्यांना पदर लावला तसा कापडाआडून आवाज आला, पूस डोळं, मी हाय हितं. मध्येच वीज गेली आणि सिनेमा अर्धाच राहिला. उरलेला पुढच्या रविवारी बघू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "काल इलास बी रडला. लई रडला. त्याला बोलू नगंस, न्हाईतर परत खाली यायचा न्हाई." माझा विश्वास बसला नाही. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, मी या माणसाच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं.

पुढचा रविवार आला तेव्हा वन्सं नव्हत्या.

हे रडले नाहीत. अग्नी दिला, रडले नाहीत. दहाव्याला पिंड ठेवला, तेव्हाही नाही. चौथ्या दिवसापासून पहाटे उठून मेसची भाजी आणायला जाऊ लागले, तिथून कारखान्यात आपल्या कामावर. जेवायचे, पण काय जेवलात विचारलं तर सांगता यायचं नाही. आक्का हा शब्द त्यांनी टाकूनच दिला होता. मला फार भीती वाटायला लागली... बहीण तर गेलीच होती, हा माणूसही माझ्यादेखत आतल्या आत दगड होत चालला होता. अशात त्या तरुणाचा फोन आला, सामान तयार आहे, बसवायचं का? हे म्हणाले, नको म्हणून सांग, तळघरात पोती ठेवू. मी यांच्यापुढे फारसा आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. सामान येईल आणि पडदा रेघेवरच लागेल, असं म्हटलं. ते उठून गेले.

पडदा लागला, रेघेवरच. कारागिरांना मी रेघेवर पाय देऊ दिला नाही. रविवारी दुपारी यांना हाताला धरून खाली नेलं, त्यांच्या बाकावर बसवलं, उरलेला अर्धा सिनेमा लावला आणि वन्संची सतरंजी घेऊन मागे गेले. चित्र फिकटच होतं. माणसं डाव्या हाताने पत्रं लिहीत होती. बराच वेळ मी कडेने डोकावलेच नाही, धीर होत नव्हता. मग एक विनोदी प्रसंग आला, पडद्यावरचं सगळं गाव खदाखदा हसायला लागलं आणि मी मान बाहेर काढली.

हे रडत होते. आवाज नाही, हुंदका नाही, दोन्ही हात बाकावर तसेच, आणि त्या पांढऱ्या उजेडात सगळा चेहरा ओला. मला इतकं बरं वाटलं की मीही रडले. वन्संसारखं "मी हाय हितं" म्हणावं असं फार वाटलं, पण मी ते बोलले नाही.

सिनेमा संपला तशी मी दिवा लावला. हे उठले आणि जिन्याकडे न जाता पहिल्यांदाच पडद्याच्या मागे आले. सतरंजीवर माझ्या शेजारी बसले, कडेला सरकले आणि रिकाम्या बाकांकडे, स्वतःच्या जागेकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

"हितनं समदं दिसत हुतं की गं आक्काला," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो, दिसत होतं.

आता दर रविवारी आम्ही खाली जातो. एक जण बाकावर बसतो, एक जण मागे. रांगोळीची रेघ पुसट होत चालली आहे, पण मी तिथे झाडू फिरवत नाही.