न उघडलेली अढी

राऊत सरांसमोर 'नक्की' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. कुणी उच्चारलाच, तर ते चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि अगदी गोड आवाजात विचारत, "कशावरून?" माणिकपूरच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झालो, त्या पहिल्याच दिवशी माझा बळी गेला. शिक्षकांच्या खोलीत निरोप घेताना मी म्हणालो, "उद्या सकाळी नक्की भेटू." चष्मा टेबलावर आला. "कशावरून?" मी गडबडलो. म्हटलं, "म्हणजे, मी येणार आहे." "येण्याची शक्यता दाट आहे, एवढंच म्हणा, मास्तर." सगळे हसले. हा माणूस आपली थट्टा करतोय की आपल्याला काही शिकवतोय, हे मला कळलं नाही. पुढे त्यांच्या सहवासात बरीच वर्षं गेली, पण ते कोडं काही सुटलं नाही.

सर मूळचे बागायतदार. राजोडीच्या वाटेवर त्यांची वाडी होती. केळी, पानवेली, थोडा मोगरा. मुंबईच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकले, पुढे संशोधन करायचं चाललं होतं, तेवढ्यात वडील वारले आणि वाडी गळ्यात पडली. ट्रंकभर इंग्रजी पुस्तकं घेऊन गडी परत आला. शाळेत मुलांना उष्णता, प्रकाश आणि तरफ शिकवायची, पण मन त्या ट्रंकेत. तिथलं शास्त्र शिकायला विद्यार्थी कुठून आणणार? म्हणून मधल्या सुट्टीत ते आम्हां शिक्षकांनाच शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं. इंग्रजीतल्या त्या 'क्वांटम थिअरी'ला सर पुंजवाद म्हणत. मला तो आधी एखादा राजकीय पक्षच वाटला होता.

"असं बघा," ते म्हणत, "वाडीला चांगलं उंच कुंपण आहे. कुठे भोक नाही. आत बकरी आहे, तिच्यात उडी मारून जाण्याची ताकद नाही. तरीही एखाद्या दिवशी बकरी बाहेर चरताना दिसते."

"कुणीतरी कुंपणाचा झापा उघडा टाकला असेल," मी म्हणालो.

"नाही टाकला."

"मग बकरी गेली कशी?"

"गेली कशी हा प्रश्न तुम्ही वाडीतल्या बकरीबद्दल विचारा. अणूच्या पोटातल्या कणाबद्दल विचारू नका. तो पलीकडे सापडण्याची थोडीशी शक्यता असते, म्हणून कधीतरी तो पलीकडे सापडतो. संपलं!"

त्यांच्या दृष्टीने संपलेलं असे, माझं डोकं तिथून दुखायला लागे. त्यांच्या टेबलावर एक गजराचं घड्याळ होतं. ते कपाटात धरून, आत माझं डोकं घालायला लावून त्यांनी मला त्याचे हिरवे चमकणारे आकडे दाखवले. "ही तुमची बकरी. रेडियमच्या अणूतून कण बाहेर पडतायत. कुठल्या अणूतून केव्हा पडेल ते त्या अणूलासुद्धा ठाऊक नाही. पण असे असंख्य अणू एकत्र घेतले, की हिशेब चोख." बोलपटातला आवाजही याच शास्त्राच्या जोरावर पडद्यामागून येतो, असं त्यांनी एकदा सांगितलं. तेव्हापासून सिनेमा बघतानाही मला स्वस्थता नाही.

एका रविवारी मी वाडीवर गेलो होतो. वाळलेल्या पेंढ्यात आणि केळीच्या सुक्या पानांत राजेळी केळी पिकायला अढी घातलेली होती. पिकल्यावर ती सोलून उन्हात वाळवायची, की त्यांची सुकेळी होतात. मी सहज पेंढा उचकटायला गेलो, तर सरांच्या आई ओरडल्या, "रव दे, रव दे! मधीच उघडलीस तर आतली ऊब जाईल!" त्यांना आम्ही सगळे काकू म्हणत असू. मला वाटलं, चला, एकदा तरी आपल्याला सरांचं शास्त्र कळलं. मी उत्साहाने म्हणालो, "म्हणजे सर, तुम्ही सांगता त्या कणासारखंच झालं, बघेपर्यंत इथेही आणि तिथेही. बघायला गेलं की बिघडतं. न बघता ठेवलं तर केळं कच्चंही आणि पिकलेलंही."

सर एवढे हसले की चष्मा घसरला. "नाही हो, मास्तर! केळं आत एक तर पिकलेलं आहे, नाही तर कच्चं आहे. ठाऊक नाही ते फक्त तुम्हांला. केळ्याला काही फरक पडत नाही. कणाचं तसं नाही. बघेपर्यंत त्याचं स्वतःचंच ठरलेलं नसतं. केळ्यांना पुंजवाद लावू नका, फसाल."

वहिनी ओसरीवर बसून ऐकत होत्या. सरांची बायको, सुमतीवहिनी, म्हणजे त्यांच्या अगदी उलट. बोलणं थोडं, कामाचा उरक मोठा. त्या म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचं मनावर घेऊ नका. लग्न झाल्यापासून मी ऐकतेय, अजून मला एक अक्षर कळलेलं नाही. तरी संसार चाललाय ना?"

त्याच वहिनी पुढे आजारी पडल्या. सर त्यांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले, आणि कर्करोग हा शब्द घेऊन परत आले. त्या काळी तो शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नसे. उपाय होता तो रेडियमचा. रेडियम भरलेल्या बारीक नळ्या शरीरात रोगाजवळ ठेवायच्या. सर मला सांगत होते, सांगता सांगता त्यांचा हात नुसताच टेबलावर फिरत होता. "डॉक्टर म्हणाले, या उपायाने बऱ्याच जणी बऱ्या होतात. बऱ्याच जणी! मास्तर, हे गणित मला तोंडपाठ आहे. पण ते पुष्कळांचं गणित आहे. माझ्याकडे पुष्कळ कुठे आहेत? एकच आहे."

मी त्यांच्या टेबलावरचं घड्याळ उगाच सरळ केलं.

उपचार झाले. वहिनी घरी आल्या त्या अर्ध्या होऊन. पण हळूहळू पुन्हा चुलीपाशी बसू लागल्या, वाडीत फिरू लागल्या. डॉक्टरांनी पावसाळा संपता संपता तपासणीला बोलावलं होतं. दसरा झाला, दिवाळी झाली. मी विचारलं की सर म्हणत, "सहामाहीचे पेपर आहेत." मग म्हणाले, "सुकेळ्यांचे दिवस आलेत, घरात माणूस हवं." मला आधी ते खरंच वाटलं. पण नाताळ जवळ आला, माणिकपुरात घरोघर कागदी तारे लागले, तरी मुंबईचं नाव नाही. तेव्हा मी वाडीवरच गेलो.

सर केळीच्या बागेत पाण्याचा पाट वळवत होते. मी सरळ विचारलं, "तपासणीला का जात नाही?"

त्यांनी कुदळ खाली ठेवली. "बघितलं नाही, तोवर दोन्ही आहे, मास्तर. ती बरीही आहे. बघितलं की एकच उरेल."

त्यांचं शास्त्र मला कधी कळलं नव्हतं, पण एवढं मलासुद्धा कळत होतं. "सर, तुम्हीच सांगितलं होतं. आत असेल ते असेलच. ठाऊक नसतं ते फक्त आपल्याला."

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "बरोबरच सांगितलं होतं. पण ते केळ्यांचं होतं हो."

पलीकडे चटईवर वहिनी राजेळी सोलत बसल्या होत्या. आम्हांला वाटलं ऐकू गेलं नसेल. त्यांनी हातातलं केळं ठेवलं, पदराला हात पुसले आणि नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मधेच उघडली तर अढी बिघडते खरी. पण दिवस भरल्यावर उघडली नाही, तर केळी आतल्या आत काळी पडतात. हे या घरात कुणाला सांगायला लागतं का? उद्या आपण जायचं." सर मान खाली घालून "बरं" म्हणाले. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती. दोन्ही एकदमच येत होतं, त्यामुळे मी सायकल काढली.

रोग परतला होता, आणि पसरला होता. शिमग्यानंतर वहिनी गेल्या. इस्पितळातच गेल्या, सर उशाशी होते.

शाळेत सर पुन्हा येऊ लागले, पण मधल्या सुट्टीत ते खिडकीपाशी जाऊन बसत. कुणी 'नक्की' म्हटलं तरी चष्मा नाकावरच राही. आम्ही मुद्दाम म्हणून पाहिलं, पण काही उपयोग झाला नाही. एक दिवस शाळा सुटल्यावर ते माझ्याबरोबर रस्त्याने चालू लागले. सायकल हातात धरलेली. चर्चजवळच्या वडाखाली थांबले आणि म्हणाले, "मी डॉक्टरांना विचारलं, तेव्हाच आलो असतो तर वाचली असती का? ते म्हणाले, सांगता येत नाही. हेच उत्तर मी जन्मभर लोकांना देत आलो. ऐकायला इतकं वाईट असतं, हे मला ठाऊक नव्हतं."

मग ते पुढे सांगू लागले.

"शेवटी शेवटी तिने मला जवळ बोलावलं. म्हणाली, उशीर तुम्ही नाही केलात. मलाच जायचं नव्हतं. तुम्ही टाळत होता ते मला दिसत होतं, आणि मला ते बरंच वाटत होतं. तेवढे दिवस घरात तर मिळाले." ते माझ्याकडे वळले. "मास्तर, ती खरं बोलली, की माझ्या मनाला लागू नये म्हणून बोलली? मी रोज विचार करतो. मला कळत नाही. आणि आता विचारायला ती नाही."

मलाही कळत नव्हतं. चटईवरून उठून आलेल्या वहिनी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. 'उद्या जायचं' म्हणणाऱ्या त्याच बाईला इतके दिवस गप्प कुणी बसवलं होतं? त्यांनाच जायचं नसेलही. आणि नवऱ्याला वाचवायला त्या मरतानासुद्धा खोटं बोलल्या असत्या, हेही मी जाणून होतो.

"दोन्ही असेल, सर," मी म्हणालो. "खरंही बोलल्या असतील आणि तुमच्यासाठीही बोलल्या असतील."

वर्गातला एखादा मुलगा विचारतो तसं त्यांनी विचारलं, "माणसांत तसं असतं का हो?"

"माणसांत तर असतंच," मी म्हणालो.

सरांनी सायकल वडाला टेकवली आणि भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता, ते रडले. वहिनी गेल्या त्या दिवशीही ते रडले नव्हते.