खुराड्यातला दोरा

आमच्या गल्लीत तिला सगळे टाचणी म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. उभा जन्म तिने शाळांचे गणवेश शिवले, आणि शिवताना तिच्या ओठांत नेहमी दोन-चार टाचण्या धरलेल्या असत. त्या काढून ठेवल्या की ती बोलू लागे, आणि ऐकणाऱ्याला वाटे, होत्या तिथेच बऱ्या होत्या. नवरा लवकर गेला. मुलीला शिलाईयंत्राशेजारच्या चिंध्यांच्या ढिगावर निजवून तिने दिवस काढले. पोर शिकली, नोकरीला लागली. "माझ्या शिवणीतून उजेडसुद्धा जाणार नाही," असे टाचणी म्हणायची, आणि खरेच जात नसे. माझ्या यजमानांचा तिने शिवलेला सदरा मी एकदा खिडकीशी धरून पाहिला होता.

नजर अधू झाली तेव्हा दुकान सुटले. त्याच सुमारास घर बदलून जाणाऱ्या एका गिऱ्हाइकाने पुठ्ठ्याच्या खोक्यातून काही पिल्ले तिच्या दारात आणून ठेवली. "हे काम माझ्या मापात बसणारं नाही," असे म्हणत म्हणतच तिने परसात खुराडे उभे केले. लाकडी चौकट, चारी बाजूंना तारेची जाळी, वर पत्रा. कोंबड्यांची नावे अर्थातच दुकानातली. मानेभोवती पांढरे वळे असलेली कॉलर, गोल गुबगुबीत रीळ, सदा पिसे झडलेली उसवण, आणि पायांवरसुद्धा पिसे असलेली काळी, अंगाने जड झालर. झालर तिची लाडकी. तिचे आणि माझे परस शेजारी, मध्ये कमरेएवढी भिंत. यजमान गेल्यापासून त्या भिंतीपलीकडचा तिचा आणि कोंबड्यांचा आवाज ऐकत माझा दिवस सरतो.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी तिच्या दोन कोंबड्या गेल्या. त्यांना सावलीत नेता नेता टाचणीलाच भोवळ आली. मी भिंतीवरून हाका मारत राहिले, तिला ऐकू गेल्या नाहीत. मग मी फोन केला, तशी तिची मुलगी धावत आली. रडली नाही, ओरडली नाही. आई सावरल्यावर तिने अट घातली.

"पुढच्या उन्हाळ्यात एक जरी गेली ना आई, तरी खुराडं मोडायचं आणि माझ्याकडे राहायला यायचं. मला कोंबड्यांची काळजी नाही. अशाच एका दुपारी त्यांच्याशेजारी तू पडलेली असशील, त्याची आहे."

"कबूल," टाचणी म्हणाली.

तिचा शब्द म्हणजे कात्री लागलेले कापड. मागे फिरणे नाही. मुलीचे घर चौथ्या मजल्यावर. तिथे ना परस, ना भिंतीपलीकडे मी. तेव्हापासून उन्हाळ्याचे नाव काढले की ती विषय बदलायची. मीही बदलायचे, कारण ती गेली की या बाजूला मी एकटीच उरणार. 

या वर्षी ऊन लवकर तापले. टाचणी तयारीतच होती. दाणे उजाडता उजाडता आणि ऊन उतरल्यावरच घालायचे. भर दुपारी दाणा पचायला लागला की कोंबडीच्या अंगातली उष्णता वाढते, हे तिला जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले होते. पाण्याची पसरट मातीची भांडी सावलीत, तीही वेगवेगळ्या कोपऱ्यांत, म्हणजे दांडगीने गरीब कोंबडीला हाकलून लावू नये. पाणी पुन्हा पुन्हा बदलायचे, कारण तापलेल्या पाण्याला कोंबडी तोंड लावत नाही. मधूनच काकडीचे काप. लोळायला ओलसर मातीचा एक खड्डा. एवढे करूनही ती सारखी जाळीशी जाऊन त्यांच्या चोचींकडे बघत उभी राही. चोच मिटलेली असली की बरे. चोच उघडी, गळा थरथरणारा, पंख अंगापासून दूर धरलेले, असे दिसले की तिचा चेहरा उतरे.

रोज दुपारी मुलीचा फोन येई.

"सगळ्या आहेत?"

"आहेत."

एवढेच बोलणे. फोन ठेवून टाचणी मटकन खुर्चीत बसे. "वहिनी, या वयात रोज निकाल लागतो हो माझा."

मग पडद्यांचे खूळ निघाले. जाळीवर भिजवलेले गोणपाट टाकले की आत गारवा राहतो, असे तिने कुठेसे ऐकले. दुसरी कोणी असती तर दोन गोण्या लटकवून मोकळी झाली असती. हिने मापे घेतली. गोणपाट बेतले, चारी काठ दुमडून शिवले, वर नेफा करून त्यातून दोरी ओवली. पडदे खाली जमिनीला टेकणारे, वर पत्र्याला भिडणारे, आणि कोपऱ्यांत काजे-बटणे. बोट घालायला फट नव्हती.

"कोंबड्यांना कोट शिवलास की काय?" मी भिंतीवरून विचारले.

"हसा, हसा. आता ऊन आत कुठून शिरतं तेच बघते."

"अगं, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?"

"तांबडं खुशाल फुटू दे. झळ नको."

दुसरा दिवस या उन्हाळ्यातला सगळ्यांत वाईट निघाला. वाऱ्याचे नाव नव्हते. झाडाचे पान हलत नव्हते. टाचणी पडद्यांवर बादल्यांमागून बादल्या ओतत होती. दुपारी मी आडवी झाले आणि एकदम लक्षात आले की भिंतीपलीकडून काहीच ऐकू येत नाही. उन्हाच्या वेळीही कोंबड्या कुरकुरत असतात, एखादी दुसरीवर खेकसते. आज काही नाही. गारव्यात निजल्या असतील, असे मी मनाला समजावले. मनाने ऐकले नाही. मी उठून बसले, आणि तेवढ्यात हाक आली.

"वहिनी! या हो इकडे! लवकर या!"

टाचणीचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी चपला न घालताच धावले.

मी पोचले तेव्हा एका पडद्याची बटणे सोडून ती अर्धी आत वाकली होती. अंधारात कोंबड्या जमिनीला पोट लावून पसरल्या होत्या, साऱ्यांच्या चोची उघड्या. झालर एका अंगावर पडली होती. मान लांब, तुरा काळपट, डोळ्यावर पांढरी पापणी.

"सकाळपासून पाणी ओततेय. अजून ओतते," टाचणी म्हणाली आणि बादलीकडे वळली.

मी आत डोके घातले आणि मला काही दिसेना. चष्मा पुसला. पुन्हा तेच. उकळत्या पातेल्यावरचे झाकण उचलल्यावर व्हावे तसे.

"टाचणे, चष्मा धुरकटतोय माझा."

"चष्म्याचं काय घेऊन बसलात..." म्हणता म्हणता ती थांबली. तिने आपल्याच गालावरून हात फिरवला, ओला तळवा बघितला. "इस्त्रीची खोली," ती पुटपुटली. "ओल्या दिवसांत खिडक्या लावून इस्त्री केली की असंच व्हायचं. माणूस गुदमरायचं." तिने खुराड्याकडे पाहिले. "वहिनी, मीच वाफवतेय यांना."

कोंबडीला घाम येत नाही. धापा टाकूनच ती अंगातली उष्णता बाहेर टाकते. हवाच पाण्याने जड झालेली असली, तर बिचारीने कितीही धापा टाकल्या तरी उपयोग काय? टाचणीच्या शिवणीतून उजेड जात नसे, तसा वाराही गेला नव्हता.

बाकीच्या पडद्यांची बटणे तिला सुटेनात. काजे भिजून आवळली होती. ती घरात धावली आणि कापडाची मोठी कात्री घेऊन आली. त्या कात्रीने तिने कधी कागद कापला नव्हता, मला कधी दोरासुद्धा तोडू दिला नव्हता. ती कात्री तिने ओल्या गोणपाटात खुपसली आणि वरपासून खालपर्यंत उभी चीर दिली. मग समोरच्या बाजूच्या पडद्याला.  नुसता कापड फाटल्याचा आवाज येत होता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

नेमका तेव्हाच फोन वाजला. कात्री आणताना तो तिने माझ्या हातात कोंबला होता.

"उचलू?"

"नको."

"अगं, पोर घाबरेल."

"काय सांगणार? आहे म्हणणार, की गेली म्हणणार?"

फोन थांबला आणि लगेच पुन्हा वाजू लागला. मी तो पदरात गुंडाळला तरी अंगाला त्याची थरथर जाणवत होती. झालरला उचलून तिने भिंतीच्या सावलीतल्या रिकाम्या घमेल्यापाशी आणले. मी बर्फ आणायला निघाले तर ती ओरडली, "बर्फ नको! एकदम गार पडलं तर धसक्यानेच जाईल. माठाशेजारच्या बादलीतलं साधं पाणी घ्या." तिने झालरचे पाय आणि पोट पाण्यात धरले, ओल्या बोटांनी तुरा भिजवत राहिली, चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडत राहिली. मिशनच्या शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, भीती वाटली की आधी हातांना काम द्या. मी पुठ्ठा घेऊन वारा घालू लागले. हात चालत होता, भीती जात नव्हती. बाकीच्या एकेक करून बाहेर आल्या आणि भिंतीच्या सावलीत जाऊन बसल्या. आधी कॉलरची चोच मिटली, मग रिळाची. झालर तशीच.

टाचणीचा चेहरा लालबुंद झाला होता. मी न विचारता तिच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतले.

"वहिनी!"

"गप्प बस. तू आडवी झालीस तर हे खटलं मी एकटीने ओढायचं का?"

थोड्या वेळाने फाटक धाडकन आपटले. मुलगी. गळ्यात कचेरीचे ओळखपत्र तसेच, केस सुटलेले. तिला दिसले ते एवढेच की आई नखशिखान्त भिजून, भिंतीला टेकून, डोळे मिटून जमिनीवर बसली आहे.

"आई!"

"ओरडू नकोस," डोळे न उघडता टाचणी म्हणाली. "झालर घाबरेल."

मुलगी आईपाशी पोचली. ती चिखलात खाली बसली. "फोन का नाही उचललास? मावशी, तुम्ही तरी उचलायचा!"

"मीच नको म्हटलं. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं काय ते अजून ठरायचं होतं."

"मला वाटलं, तूच..."  तिने घमेल्याकडे पाहिले. "आहे?"

"धुगधुगी आहे."

मुलीने घमेल्यात बोटे बुडवली. "पाणी तापलंय हे," असे म्हणून ती उठली आणि दुसरे घेऊन आली. मग आईच्या हातातून तिने झालरला आपल्या हातात घेतले.

ऊन भिंतीवरून सरकले तेव्हा झालरने एक पाय आखडून घेतला. मग मान झटकली आणि आम्हा तिघींच्या तोंडावर पाणी उडवले. घमेल्याबाहेर दोन पावले टाकून ती बसली, आणि समोरच्या भांड्यात चोच बुडवली. कोणी हसले नाही, कोणी देवाचे नाव घेतले नाही. आमचा अजून विश्वासच बसत नव्हता.

"सगळ्या आहेत," न विचारताच टाचणी म्हणाली.

"आणि उद्या?"

टाचणीने झालरपुढच्या भांड्यात ताजे पाणी ओतले. मुलीने ओळखपत्र गळ्यातून काढले. "अट मी मागे घेत नाही. पण हे ऊन ओसरेपर्यंत इथूनच कामाला जाईन. दुपारची सुटी टाकते काही दिवस."

"फोनचा खर्च वाचला," टाचणी म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

संध्याकाळी तिने एकच पडदा ठेवला, उतरत्या उन्हाच्या बाजूचा, तोही जमिनीपासून हातभर वर आणि पत्र्यापासून खाली. फाटलेल्या काठाचे दोरे लोंबत होते. "दुमडून शिवत नाहीस?" मी विचारले. तिने मान हलवली. मग शिवणाच्या रिळावरचा पांढरा दोरा घेऊन तिने खुराड्याच्या मधोमध पत्र्याखालच्या आडव्या लाकडाला बांधला आणि खाली मोकळा सोडला.

"हा हलत राहिला पाहिजे," ती म्हणाली. "हा थांबला की पडदा वर."

ऊन अजून ओसरलेले नाही. दुपारी आम्ही तिघी भिंतीच्या सावलीत बसतो.  आधी दोऱ्याकडे बघायचे, मग चोचींकडे, पुन्हा दोऱ्याकडे.

काल दुपारी तो थांबला. आम्ही तिघी एकदमच उठलो. पडद्यापाशी सगळ्यांत आधी मुलगी पोचली.