स्ट्रेचर वळेल एवढी पडवी

दवाखान्यात त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीला ठाऊक होतं. बाकी सगळे त्यांना सांभाळूनकाका म्हणत. एकतीस वर्षं स्ट्रेचरचा पुढचा दांडा धरून जिने उतरताना, बोळ ओलांडताना त्यांच्या तोंडी हा एकच शब्द असायचा. पुढे पुढे तर चहाचा कप कुणाच्या हातात देतानाही ते "सांभाळून" म्हणत. पलंगापासून गाडीपर्यंत पोचायला किती वेळ लागतो तो आकडा ते मनातल्या मनात मोजत, आणि तो कुणाला सांगत नसत.

माणसं नवं घर बघायला गेली की उजेड बघतात, वारा बघतात, ओटा केवढा आहे ते बघतात. काका दारात उभे राहून वळण बघत. एका मित्राच्या नव्या घरी सगळे तोंड भरून कौतुक करत असताना हे म्हणाले, "छान आहे, पण इथून आडवा माणूस बाहेर निघायचा नाही." त्या मित्राने पुन्हा काही त्यांना बोलावलं नाही. त्यात त्याचं तरी काय चुकलं?

पण काकांचंही चुकलं असं म्हणवत नाही. काकूंच्या हृदयाची झडप खराब होती. दोनदा त्यांना धरून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. दुसऱ्या वेळी ही मंडळी तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती, आणि तिथल्या जिन्यात स्ट्रेचर वळेना. आयुष्यभर परक्यांना अलगद उतरवणाऱ्या माणसाने स्वतःच्या बायकोला लाकडी खुर्चीत बसवून, ओढणीने बांधून, गचके देत खाली आणलं. डॉक्टर नंतर म्हणाले, "पुढच्या वेळी एवढा उशीर नको. आणि ह्यांनी जड काही उचलायचं नाही. भरलेली बादलीसुद्धा नाही." बाकीच्यांनी बादली लक्षात ठेवली. काकांच्या कानात मात्र 'पुढच्या वेळी' एवढंच राहिलं. म्हणजे पुढची वेळ आहे, हे डॉक्टरांनी धरूनच ठेवलं होतं.

म्हणून मुलाने जागा घेऊन तळमजल्याचं घर बांधायला काढलं तेव्हा काकांनी फक्त एकच गोष्ट मागितली. पडवी दहा फूट खोल हवी, आणि तिच्यावर पक्कं छप्पर हवं.

"दहा?" मिस्त्रीने पेन्सिल कानावरून काढली आणि परत कानावर ठेवली. "काका, सहा फूट रग्गड झाली. दोन खुर्च्या बसतात, चपला राहतात. दहा फूट पडवी म्हणजे घर मागे सरकवायला लागेल."

"मग सरकव."

"स्वयंपाकघर आक्रसेल, बाबा," सून हळूच म्हणाली. तिचंही खरं होतं. दोन फुटांनी ओटा लहान होणार होता.

जागा तशी अडचणीची होती. समोर शेजाऱ्याची भिंत, त्यामुळे पायऱ्या पडवीच्या एका टोकाला काढाव्या लागणार. म्हणजे दारातून बाहेर आलं की काटकोनात वळायचं आणि मग पायऱ्या. साडेसहा फुटांचं स्ट्रेचर, पुढे एक माणूस, मागे एक माणूस. काकांनी हे गणित मनात शंभरदा केलं होतं. पण बोलायची सोय नव्हती. काकू तिथेच बसलेल्या, आणि 'तुला आडवी बाहेर काढायला' असं कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून ते म्हणाले, "चार माणसं आली तर बसायला नको?"

"आपल्याकडे चार माणसं येतात कधी?" काकू म्हणाल्या. "तुम्ही त्यांच्या घरांना नावं ठेवता. आणि मोठी जागा रिकामी राहत नाही हो. जेवढी मोठी कराल तेवढी अडगळ येऊन बसेल."

काकांनी ऐकलं नाही. भिंती गुडघ्याएवढ्या झाल्या तेव्हा एका दुपारी त्यांनी मिस्त्रीला एक लांब फळी धरायला लावली, स्वतः पुढचं टोक धरलं आणि जिथे दार येणार होतं तिथून बाहेर पडून वळून दाखवलं. फळी कुठेही न लागता वळली. काका मनात मोजत होते. पुढच्या खोलीपासून फाटकापर्यंत चाळीस. मिस्त्रीने फळी खाली ठेवून हात झटकले.

"काका, घर बांधतोय की दवाखाना?"

काका हसले नाहीत. दूर विटांच्या ढिगावर बसलेल्या काकू त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांना तेव्हाच सगळं समजलं असावं, कारण त्या दिवसानंतर पडवीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. छपराच्या वेळी मात्र काकांनी पुन्हा हट्ट धरला. ते म्हणाले, आडव्या माणसाच्या तोंडावर पाऊस पडला तर त्याला तो पुसता येत नाही, मी पाहिलंय. मिस्त्रीने मग छप्पर पायऱ्यांपर्यंत पुढे आणलं.

घर झालं. पडवी दहा फूट झाली आणि काकूंचं म्हणणं महिन्याभरात खरं व्हायला लागलं. आधी चपलांचं कपाट आलं. मग मुलाची जुनी सायकल आली. मग बिघडलेला फ्रीज, 'दुरुस्त करून घेऊ' म्हणून. काका तेवढ्यावर तुटून पडले. एरवी गरीब गायीसारखा माणूस, पण फ्रीजपायी दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी फ्रीज गेला, सायकल गेली, कपाट आत गेलं. सून नवऱ्याला म्हणाली, "बाबांचं काहीतरी बिनसलंय." बिनसलं नव्हतं, ते फक्त वाट बघत होते. रोज सकाळी उठून पडवी मोकळी आहे ना ते बघत, आणि काकूंच्या ओठांचा रंग बघत.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते काही उगीच म्हणत नाहीत. पडवीत एक बाक होता. दवाखान्याचा, रुग्णांच्या नातेवाइकांनी बसून बसून गुळगुळीत केलेला, नवं फर्निचर आलं तेव्हा काकांना मिळालेला. चांगला सागवानी, दोन माणसांनाही न उचलवणारा. काकांनी तो दाराच्या बरोबर समोर, शेजाऱ्याच्या भिंतीला लावून, कोपऱ्यातल्या खांबाला टेकवून ठेवला. तिथून स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूंचे हात दिसत. भाजी चिरणारे, पीठ मळणारे हात. हात थांबले की काका हाक मारत, "काय गं?" काकू म्हणत, "काही नाही."

बाकाने दीड फूट खाल्ला होता. काकांना ते माहीत नव्हतं असं नाही. पण तो त्यांच्या लेखी अडगळीत मोडतच नव्हता. वेळ आली की ते स्वतःच त्यावरून उठणार होते आणि बाक बाजूला ओढणार होते. त्याचा पुढचा पाय लादीच्या फटीत अडकायचा, म्हणून आधी डावं टोक चांगलं वीतभर उचलायचं आणि मग ओढायचं. झाडू मारताना ते रोज तसंच करत. सगळ्या गणितात काका पुढचा दांडा धरून उभे होते. दुसरीकडे कुठे असतील, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मुलगा आणि सून कामावर गेलेले असताना काका पाणी प्यायला आत गेले. पुढच्या खोलीत त्यांचा उजवा पाय कुणी काढून घेतल्यासारखा नाहीसा झाला. ते पडले. काकूंना हाक मारायला तोंड उघडलं तर तोंडातून नुसता घोगरा आवाज आला. त्यांनी अशी माणसं इतकी उचलली होती की स्वतःला काय झालंय ते त्यांना लगेच समजलं. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचं असतं, हेही.

काकूंनी फोन केला. गाडी लवकर आली. दोघे जण होते, त्यातला एक काकांच्याच हाताखाली तयार झालेला. तो वाकून म्हणाला, "काका, घाबरू नका. सांभाळून नेतो." स्ट्रेचर उचललं गेलं आणि काकांनी सवयीने मोजायला सुरुवात केली.

पंधराला दार आलं. वीसला पाय बाहेर गेले. आणि थांबले.

"वळत नाहीये," पुढचा म्हणाला.

"तो बाक सरकव."

त्यांनी स्ट्रेचर दारातच खाली ठेवलं. पुढच्याने बाक धरून ओढला. पाय फटीत गेला आणि बाक खांबाला जाऊन पाचरीसारखा बसला. मागचा काकांना ओलांडून पुढे आला. दोघांनी जोर लावला तसा तो आणखी रुतला. साठ. सत्तर. काकांना छप्पर दिसत होतं, त्यांनी हट्टाने करून घेतलेलं. ते मनातून ओरडत होते, ओढू नका, डावं टोक उचला. जीभ हलेना.

"तिरकं धरून काढू?"

"नको, डोकं खाली जाईल."

शंभर. एकशे दहा.

मग फाटक उघडायला आधीच बाहेर गेलेल्या काकूंचा आवाज आला, अगदी शांत. "व्हा बाजूला. तो असा निघत नाही."

काकांनी डोळे वळवले. काकू बाकाच्या डाव्या टोकाशी वाकल्या होत्या. पदर खोचलेला, दोन्ही हात बाकाखाली. ज्या बाईला गेली तीन वर्षं त्यांनी पाण्याची कळशीसुद्धा उचलू दिली नव्हती, ती तो सागवानी बाक उचलत होती. कुणी मदतीला हात घालायच्या आत तो वीतभर वर आला होता, काका रोज उचलत तेवढाच. "आता ओढा," काकू म्हणाल्या. बाक सुटला.

काकांना फक्त एक शब्द बोलायचा होता. एकतीस वर्षं तो त्यांनी अनोळखी माणसांसाठी, भिंतींसाठी, चहाच्या कपांसाठी वापरला होता. त्यांनी सगळा जीव तोंडात आणला. ओठाच्या एका कडेतून नुसती लाळ आली.

स्ट्रेचर पुन्हा उचललं गेलं आणि वळलं, कुठेही न लागता. डोक्यावरून छप्पर सरकत गेलं. पायऱ्यांवरून त्यांना अलगद उतरवलं, एकही गचका बसला नाही.

"काकू, चला ना, गाडीत बसा," पुढच्याने हाक मारली.

उत्तर आलं नाही. मागे पडवीत बाक करकरला, कुणीतरी एकदम त्यावर बसल्यासारखा. काकांनी मान वळवायचा प्रयत्न केला, पण मान वळली नाही. त्यांचं मोजणं मात्र चालूच राहिलं.