काळुरामकाकांचा लोड

फोटो काढायला नितेशने मूर्तीवरचा हात सोडला, टेम्पो खड्ड्यात आदळला आणि बाप्पाची करंगळी तुटून त्याच्या मांडीवर पडली. "थांबवा!" तो ओरडला. रोह्याजवळच्या अष्टमी गावात, घरी, आई ओवाळायला दारात उभी असणार!

टेम्पोवाले काळुरामकाका थांबले. पेणहून रोह्याला ते गणपतींचा लोड नेतात, घरची वीज गेली की म्हणतात, "लोड आला असंल," आणि कुणी घाबरलं तर, "लोड घेऊ नको रे." तेच म्हणत त्यांनी डब्यातल्या ओल्या शाडूने करंगळी चिकटवली.

"काका, देव कोपणार तर नाय ना?" नितेशने विचारलं.

"देव उद्या पूजेनंतर. आज माती हाय, नीट धर!"