पूजेला बसलेला स्क्रू-ड्रायव्हर

ड्रायव्हिंग क्लास चालवणाऱ्या बाईकडं बाकी काही साठो न साठो, किस्से मात्र भरपूर साठतात. आमचा क्लास शिरूरला, फक्त बायकांचा. हल्ली घरोघरी ऑटोमॅटिक गाड्या आल्यात, त्यामुळं किस्सेही ऑटोमॅटिक येतात!

*

पहिल्याच दिवशी मी सांगते, "या गाडीत डाव्या पायाला काम नाही." कवठ्याच्या एका मावशींनी ते इतकं मनावर घेतलं, की डावा पाय दुमडून सीटवर अर्धी मांडीच घातली. मी हबकले. मावशी म्हणाल्या, "काम न्हाई तर बसू द्या की त्याला निवांत!"

*

माझा दुसरा नियम: गाडी ऐकेनाशी झाली, की न्यूट्रल!

दौंडच्या शबानाभाभींनी गाडीतली पायाखालची नवी मॅट मळू नये म्हणून तिच्यावर पोतं अंथरलं होतं. एका दुपारी ते सरकून ॲक्सिलरेटरवर अडकलं आणि तो दाबलेलाच राहिला. समोर भरलेला बाजार! भाभींनी लिव्हर N वर ढकलला, ब्रेक दाबला, गाडी कडेला घेतली. इंजिनाच्या किंकाळीनं अख्खा बाजार गोळा झाला. मी फोनवर विचारलं, "घाबरलात का हो?"

"छे! बोंबलली ती गाडी, मी न्हाई!"

मला त्या दिवशी इतका अभिमान वाटला, की विचारू नका.

*

आता केंदूरच्या सुनंदाताई. घरची झेंडूची शेती. त्यांचे मालक बाळासाहेब म्हणायचे, "आटोमॅटिकला काय शिकायचंय? बसायचं आन् जायाचं!"

गेल्या वर्षीची खंडेनवमी. टेंपो झेंडूनं भरलेला. उद्या दसरा, फुलं आज मार्केटला पोचली तर मोल, नाहीतर सगळी मेहनत उकिरड्यावर. आणि टेंपोच्या पुढ्यात, ऐन फाटकात, सजवलेली कार! सकाळपासून दारं उघडी टाकून गाणी लावलेली, त्यामुळं बॅटरी झोपलेली. बॅटरीशिवाय लिव्हर हलत नाही, तो P मध्ये, म्हणजे पार्किंगला घट्ट, आणि चाकं जाम. गल्लीतली माणसं ढकलून दमली, कार तसूभर हलेना.

ताईंना क्लास आठवला. लिव्हरजवळ एक बारकं झाकण असतं. ते काढून आत टोकदार काहीतरी दाबलं, की लिव्हर सुटतो. "स्क्रू-ड्रायव्हर आणा!"

स्क्रू-ड्रायव्हर होता. पण पान्हे, खुरपी, विळ्यांच्या शेजारी, हळदीकुंकू लावून पाटावर बसलेला! सासूबाई आडव्या आल्या. "पूजेला बसल्यालं हत्यार आज उठायचं न्हाई!"

बाळासाहेब रडकुंडीला आले. "आये, फुलं जातील गं!"

"गेली तर जाऊ दे!"

ताईंनी अंबाड्यातला लोखंडी आकडा उपसला. हँडब्रेक ओढला, ब्रेकवर पाय रोवला, झाकण उचकटलं आणि आत दाबलं. खट्ट! लिव्हर N वर. हँडब्रेक सोडून त्या ओरडल्या, "आता ढकला!" कार बाजूला झाली आणि टेंपो सुटला. झेंडू वेळेत मार्केटला पोचला.

यंदा खंडेनवमीला त्यांनी मला जेवायला बोलावलं. पाटावर पान्हे, खुरपी, विळे, सगळे मागच्या रांगेत. पुढं मधोमध, झेंडूच्या फुलावर, तो वाकडा आकडा. ताई मोकळ्या केसांनी पुरणपोळ्या वाढत होत्या. मी त्यांच्या केसांकडं बघतेय हे सासूबाईंनी हेरलं.

"बघताय काय, मॅडम? आज अंबाडा न्हाई. हत्यार पूजेला बसलंय!"