सर्व्हिस आन् क्लिअरन्स

माझ्या हातातला पाण्याचा जग आप्पांनी काढून घेतला. ओढून न्हाई. हळूच, लहान पोराच्या हातातनं कात्री घेत्यात तसा. आन् म्हणाले, "तू राहू दे बाई. वाढायला पोरी हायेत. तू पत्रावळी उचल."

सप्त्याचा शेवटचा दिवस. देवळापुढं मांडव, काल्याची पंगत बसलेली. माझं तीन-चार जणांना पाणी वाढून झालं होतं. त्यातल्या एका म्हातारीनं ग्लास उचलला, मागं मातीत ओतला आन् दुसऱ्या पोरीपुढं धरला. कुणी ओरडलं न्हाई. कुणी शिवी दिली न्हाई. आता शिवी देत न्हाईत, केस होते. नुसता माणूस बदलत्यात.

आम्ही बौद्ध. राहू गावाच्या अलीकडं आमचं गाव, गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. आप्पा गावातले मोठे बागायतदार. सोसायटीत तेच, डेअरीत तेच, सप्त्याच्या कमिटीत तेच. माझे वडील त्यांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर.

पंगतीत मी लहानपणापासनं जेवलेय. आम्हाला बोलावत्यात, न्हाई कसं म्हणू. शेवटच्या ओळीत, कडंला बसतो. पण वाढायला आमच्यातलं कुणी उठत न्हाई. ही गोष्ट कुणी सांगत न्हाई, कुणी विचारत न्हाई. शेंबड्या पोराला बी ठाऊक असती.

मग मी का उठले?

कारण मी पुण्यात एअर होस्टेसचा कोर्स करते. केडगाव स्टेशनातनं सकाळची शटल रेल्वे, संध्याकाळी माघारी. कोर्सच्या मॅडमनं सांगितलेलं, लग्नाकार्यात वाढायला जात जा, हात बसतो, घाबरणं जातं. घरी मी ताटात पाण्याचे पेले ठेवून पडवीतनं चकरा मारायचे. आई म्हणायची, "सांडलं तर पुसायचं बी तूच." मला वाटलं, पंगत म्हंजी विमानच की. दोन्ही अंगाला माणसं बसलेली, मधी अरुंद वाट. उजव्या हातानं ओतायचं, डोळ्यात बघून हसायचं. येडी मी. कोर्सला जाते म्हणून गाव मला जग धरू देईल, असं माझं मलाच वाटलं.

मी वडिलांकडं बघितलं. ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, उचल.

मी उचलल्या. सगळी ओळ. पाठ ताठ, गुडघ्यात वाकायचं, जसं शिकवलं तसं. आमटी ड्रेसवर सांडली. हाताला उष्ट्याचा वास लागला आन् मी पुढची पत्रावळ उचलत गेले. रडू आलं न्हाई.

दोन हातांवर स्नेहल बुंदी वाढत होती. स्नेहल म्हंजी आप्पांची पोरगी. आम्ही एकाच कोर्सला, एकाच शटलनं जातो. माझ्या बाटलीतलं पाणी ती रोज पिते. माझ्या डब्यातली मेथीची भाजी तिला लई आवडते. पण शटलमधी. मांडवात तिनं बुंदीच्या बादलीतनं मान वर काढली न्हाई.

दुसऱ्या दिवशी गाडीत म्हणाली, "अगं, आप्पांचं मनावर घेऊ नको. जुनी माणसं असत्यात."

आप्पा आयफोन वापरत्यात. कसली जुनी माणसं.

पण मी तिला तसं म्हणाले न्हाई. मी म्हणाले, "जाऊ दे." तिनं बाटली मागितली. मी दिली.

क्लासमधी आमचं विमान म्हंजी खुर्च्यांच्या दोन रांगा आन् एक ट्रॉली. एकीनं सर्व्हिस करायची, म्हंजी जेवण-पाणी द्यायचं. मग दुसरीनं क्लिअरन्स, म्हंजी उष्टे ग्लास, ट्रे गोळा करायचे. त्या दिवशी मॅडम नावं ठरवत होत्या. स्नेहल हसत म्हणाली, "मॅडम, क्लिअरन्स हिला द्या. हिला सवय हाय."

सगळ्या हसल्या. त्यांना काय माहीत. मॅडम बी हसल्या आन् मला ट्रॉली दिली.

कानशिलं तापली माझी. पण सांगणार कुणाला? मॅडम पुण्याच्या. त्यांनी डोळं मोठं केलं असतं, "अजून असं असतं?" मग मलाच पटवून द्यावं लागलं असतं की असतं. मी ट्रॉली ढकलली. मॅडम म्हणाल्या, "चेहरा पाडू नकोस, पॅसेंजर बघतात." मी हसले. ट्रे उचलत हसले.

मग विमान कंपनीच्या मुलाखती झाल्या. स्नेहल लागली. मला पहिल्याच फेरीत माघारी पाठवलं. बोलण्यावर गावाकडची छाप हाय म्हणे. स्नेहल बी त्याच गावची. पण ती शिरूरला इंग्लिश मीडियमला होती, मामाकडं राहून. मी झेडपीच्या शाळेत.

आप्पांनी पोरगी लागली म्हणून गावजेवण ठेवलं. संध्याकाळी वडील घरी आले आन् चपला काढता काढताच म्हणाले, "आप्पा म्हणले, पोरीला पाठव उद्या ताटं उचलायला. शिकलीच हाय ती त्यातलं."

"मी न्हाई जाणार."

"मग मी त्यांना काय सांगू?"

"काय बी सांगू नका. मीच सांगते."

आई पीठ मळत होती. तिचा हात थांबला.

मी तशीच निघाले, वडील मागनं आले. आप्पांच्या अंगणात मंडप घालायचं चाललं होतं. कमिटीची माणसं चहा पीत होती. मी म्हणाले, "आप्पा, मी उद्या ताटं उचलायला येणार न्हाई."

"का गं? मोठी झाली का?"

"वाढायला सांगा, येते. वाढू द्याल तर उचलीन बी. नुसतं उचलायला येणार न्हाई."

चहाचे कप हातातच राहिले. स्नेहल दारात होती, तिनं मोबाईलमधी तोंड घातलं. आप्पा माझ्यावर चिडले न्हाईत. माझ्या मागं, वाटेवर उभ्या असलेल्या वडिलांकडं बघून म्हणाले, "पोरीला घरी ने."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर दुसरा ड्रायव्हर होता.

वडील आता कुरकुंभला कंपनीत ठेकेदाराकडं हेल्पर हायेत. पोती उचलत्यात. या वयात. माझ्याशी धड बोलत न्हाईत. आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "तुझं काय चुकलं ते मला कळत न्हाई. पण हाल आमचं झालं." वडिलांची पाठ दुखते तवा मी तेल लावते, तेवढंच माझ्या हातात हाय. ते तोंड भिंतीकडं करून पडून राहत्यात.

मी क्लास सोडलेला न्हाई. शटलमधी एकटीच असते. खिडकीला तोंड लावून इंग्लिशमधल्या सूचना पाठ करते. मॅडमनं परवा नव्या बॅचपुढं विचारलं, तू सर्व्हिस करणार की क्लिअरन्स? मी म्हणाले, दोन्ही. आधी सर्व्हिस.

पुढच्या मुलाखतीत बी माघारी पाठवतील. कदाचित मी कवाच विमानात चढणार न्हाई. ते माझ्या हातात न्हाई. एवढं मात्र माझ्या हातात हाय. विमान असू दे, हॉटेल असू दे, न्हाईतर गावातला मांडव. माझ्या हातचं पाणी ज्याला चालतं, त्याचंच उष्टं मी काढीन. बाकीच्यांनी आपलं आपण काढावं.